‘प्रत्येक गाडीमागे’ या दोन शब्दांचा हिशेब

जग्वार लँड रोव्हर या कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केले की २०३९ सालापर्यंत आपले पुरवठादार, आपले कारखाने आणि आपण विकलेल्या गाड्या असा सगळा व्यवहार धरून कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणले जाईल. वर्षभरानंतर, २०२२ मध्ये, तिने २०३० पर्यंतची मधली उद्दिष्टेही सांगितली. स्वतःच्या कारखान्यांचे थेट उत्सर्जन २०१९-२० च्या तुलनेत ४६ टक्क्यांनी घटवायचे. आणि कच्च्या मालापासून ते गाडी रस्त्यावर धावेपर्यंतच्या साखळीतील उत्सर्जन सरासरी प्रत्येक गाडीमागे ५४ टक्क्यांनी घटवायचे, त्यातही गाडीच्या प्रत्यक्ष वापरातील उत्सर्जन ६० टक्क्यांनी. पृथ्वीची तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याच्या मार्गाशी ही उद्दिष्टे जुळतात, असा कंपनीचा दावा आहे आणि विज्ञानाधारित उद्दिष्टे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने त्यांना मान्यताही दिली आहे.

बर्मिंगहॅममध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांना ही बातमी परकी नाही. सॉलिहलचा लोड लेन कारखाना, कॅसल ब्रॉमिच, वुल्व्हरहॅम्प्टनचे इंजिन केंद्र, गेडन, कॉव्हेंट्रीजवळचे व्हिटली ही नावे आपल्या घरांत रोज घेतली जातात. कोणी तेथे अभियंता आहे, कोणी संगणकप्रणालीच्या कामासाठी पुण्याहून आला आहे, कोणी सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कंपनीत आहे, कोणी एजन्सीमार्फत रात्रपाळी करतो. २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून ही कंपनी २३० कोटी डॉलरना विकत घेतली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांना अभिमान वाटला होता. तो अभिमान खोटा नव्हता. पण अभिमानामुळे हिशेब तपासण्याचे काम संपत नाही, उलट ते आपल्यावर अधिक येते. वरच्या उद्दिष्टांत ‘प्रत्येक गाडीमागे’ असे दोन शब्द आहेत. हा लेख मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

मोटार कंपनीचे उत्सर्जन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारखान्याचे धुराडे येते. वस्तुतः धुराड्याचा वाटा फार लहान असतो. हिशेबाच्या परिभाषेत तीन कक्षा मानतात: कारखान्यात जळणारा वायू व इंधन ही पहिली, विकत घेतलेली वीज ही दुसरी, आणि पुरवठादारांपासून ग्राहकापर्यंतचे बाकी सगळे ही तिसरी. पेट्रोल व डिझेलच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या बाबतीत ही तिसरी कक्षा इतकी मोठी असते की पहिल्या दोन तिच्यापुढे किरकोळ ठरतात. साधे गणित करून पाहावे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. समजा एखादी मोठी गाडी १०० किलोमीटरला ११ लिटर पेट्रोल पिते आणि तिच्या आयुष्यात दोन लाख किलोमीटर धावते. म्हणजे २२ हजार लिटर पेट्रोल आणि सुमारे ५० टन कार्बन डायऑक्साइड. भारतातील सरासरी माणसाच्या वाट्याला वर्षाला साधारण दोन टन येतात. म्हणजे एका गाडीच्या पाइपमधून जे बाहेर पडते, तेवढे उत्सर्जन करायला आपल्या गावाकडच्या सरासरी माणसाला पंचवीस वर्षे लागतात.

म्हणून वुल्व्हरहॅम्प्टनच्या छपरावरचे सौर पटल पाहून मन प्रसन्न झाले तरी खरा प्रश्न तेथे सुटत नाही. ते पटल बसवले हे चांगलेच झाले. पण त्याच छपराखाली २०१४ पासून जी इंजिने तयार झाली, त्यांनी जगभरच्या रस्त्यांवर काय सोडले हा मोठा हिशेब आहे.

आता त्या दोन शब्दांकडे वळू. कारखान्यांचे ४६ टक्क्यांचे उद्दिष्ट एकूण टनांत आहे. गाड्या कितीही बनवा, एकूण आकडा उतरला पाहिजे. मोठ्या, तिसऱ्या कक्षेचे उद्दिष्ट मात्र प्रत्येक गाडीमागे आहे. पायाभूत वर्षी पाच लाख गाड्या विकल्या आणि त्यांचे एकूण उत्सर्जन १०० मानले, तर प्रत्येक गाडीमागे ५४ टक्के घट झाल्यावर ते ४६ होईल, पण विक्री पाच लाखच राहिली तर. ती सहा लाखांवर गेली तर एकूण ५५ उरेल आणि चार लाखांवर आली तर ३७. तिन्ही वेळा कंपनीचे उद्दिष्ट सारखेच पूर्ण झालेले असेल! वातावरणाला मात्र सरासरी कळत नाही, त्याला एकूण टनच भोगावे लागतात. २०१७-१८ च्या सुमारास कंपनी वर्षाला सहा लाखांहून अधिक गाड्या विकत होती. अलीकडच्या वर्षांत हा आकडा चार-सव्वाचार लाखांच्या आसपास आला आहे. आज जे उत्सर्जन घटलेले दिसते, त्यात तंत्रज्ञानाचा वाटा किती आणि विक्री उतरल्याचा वाटा किती, हे वेगळे करून दाखवल्याशिवाय कोणाचीही पाठ थोपटणे घाईचे आहे.

येथे कोणी म्हणेल की प्रत्येक गाडीमागचे मोजमाप सगळेच मोटार उत्पादक वापरतात, तपासणाऱ्या संस्थाही ते स्वीकारतात, मग एकाच कंपनीवर बोट का? हा आक्षेप रास्त आहे. कंपनीने काही लपवले, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे इतकेच की हे मोजमाप कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाही, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे. गाडी किती सुधारली, हे त्यातून कळते. हवेचे काय झाले, हे कळत नाही.

गाडी सुधारण्याच्या आघाडीवरही चित्र फारसे उजळ नाही. २०२१ च्या त्या घोषणेत पाच वर्षांत लँड रोव्हरच्या सहा पूर्ण विद्युत गाड्या येतील, त्यातली पहिली २०२४ मध्ये येईल, आणि जग्वार तर २०२५ पासून केवळ विद्युतच असेल, असे सांगितले होते. पुढे सहाच्या जागी चार झाल्या. २०२४ उलटून गेले. विद्युत रेंज रोव्हरसाठी प्रतीक्षायादी डिसेंबर २०२३ मध्येच उघडली होती, पण २०२५ च्या मध्यावर ग्राहकांना आणखी एक वर्ष थांबण्यास सांगण्यात आले. २०१८ मध्ये आलेली आणि पुढल्याच वर्षी जागतिक पुरस्कार मिळवणारी जग्वार आय-पेस ही कंपनीची एकमेव पूर्ण विद्युत गाडी. ती ऑस्ट्रियातील ग्राझ येथे दुसऱ्या कंपनीच्या कारखान्यात तयार होत असे, आणि २०२४ च्या अखेरीस तिचेही उत्पादन थांबले. म्हणजे ज्या वर्षापासून जग्वार विद्युत होणार होती, त्या वर्षी ग्राहकाला विकायला जग्वारची एकही नवी विद्युत गाडी कारखान्यातून बाहेर पडत नव्हती.

मधल्या काळाचा आधार म्हणून प्लग-इन हायब्रिड गाड्या आहेत. कागदावर त्यांचे उत्सर्जन फार थोडे दिसते. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरची आकडेवारी प्रसिद्ध केली, तेव्हा अशा गाड्यांचे खरे उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सुमारे साडेतीन पट निघाले. कारण उघड आहे. अडीच टनांच्या घरातली गाडी, खिशात पैसा असलेला मालक आणि दररोज तार लावून बॅटरी भरण्याचा कंटाळा. त्यामुळे वापरातील ६० टक्के घट मोजताना कोणता आकडा धरला जातो, प्रयोगशाळेचा की रस्त्याचा, याला सगळ्या उद्दिष्टाइतकेच महत्त्व आहे.

सरकारही या दिरंगाईत भागीदार आहे, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरील बंदी २०३० ची होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ऋषी सुनक यांनी ती २०३५ वर ढकलली. मजूर पक्षाच्या सरकारने ती पुन्हा २०३० वर आणली, पण हायब्रिडना २०३५ पर्यंत मुभा दिली. विकलेल्या गाड्यांत शून्य-उत्सर्जन गाड्यांचे प्रमाण २०२४ मध्ये २२ टक्के, २०२५ मध्ये २८ टक्के आणि २०३० मध्ये ८० टक्के असावे, असा नियम आहे, पण त्याला सवलतींची ठिगळे लागली आहेत. नवी गाडी आखून बाजारात आणायला पाच-सहा वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात सरकारी तारीख दोनदा हलली.

आपल्या शहराच्या रस्त्यावर यातला एक विपर्यास रोज दिसतो. जून २०२१ पासून बर्मिंगहॅमच्या मिडलवे वर्तुळमार्गाच्या आत क्लीन एअर झोन आहे. जुन्या डिझेल गाडीने आत शिरले की दिवसाला ८ पौंड. हँड्सवर्थ किंवा स्मॉल हीथमधला मिनीकॅबवाला वा सफाईकामाला जाणारी बाई जुनी छोटी गाडी घेऊन आत गेली तर दंड भरते. शेजारून नवी कोरी डिझेल रेंज रोव्हर एक पेनीही न देता निघून जाते. नियम चुकीचा नाही, तो नायट्रोजन डायऑक्साइडसाठी आहे आणि त्या वायूने आपल्याच मुलांची फुप्फुसे बिघडतात. कार्बनचा विचार करणारा नियम तो नव्हेच. परंतु प्रदूषणाचा भार गरिबाने आपल्या खिशातून भरायचा आणि कार्बनचा भार श्रीमंताने पुढच्या पिढीच्या नावे लिहून ठेवायचा, असा व्यवहार एकाच चौकात पाहिल्यावर न्याय हा शब्द वापरताना जीभ अडखळते. नगरपालिकेने जून २०१९ मध्ये हवामान आणीबाणी जाहीर करून २०३० चे लक्ष्य ठेवले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये तिलाच आर्थिक दिवाळखोरीसारख्या स्थितीची नोटीस काढावी लागली. आणि सॉलिहलहून जहाजात चढून कॅलिफोर्नियाला गेलेल्या गाडीचा धूर ना बर्मिंगहॅमच्या हिशेबात येतो ना सॉलिहलच्या. तो येतो केवळ कंपनीच्या तिसऱ्या कक्षेत. म्हणूनच ती कक्षा स्वच्छ, सोप्या शब्दांत मांडली जाणे महत्त्वाचे.

आता कामगारांकडे येऊ, कारण हा प्रश्न मला कार्बनपासून वेगळा करता येत नाही.

एप्रिल २००५ मध्ये लाँगब्रिजची एम.जी. रोव्हर कोसळली आणि सहा हजारांच्या आसपास कामगार एका फटक्यात रस्त्यावर आले. त्यानंतर महिन्याभरातच, मे २००५ मध्ये, ग्रीनपीसचे कार्यकर्ते सॉलिहलच्या कारखान्यात शिरले, रेंज रोव्हरच्या उत्पादनरेषेवर त्यांनी स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतले आणि काम बंद पाडले. हवामानाविषयी ते जे सांगत होते ते बव्हंशी खरे होते. पण लाँगब्रिजच्या शेजाऱ्यांची चूल विझलेली पाहणाऱ्या कामगाराला ते सत्य कसे ऐकू आले असेल? त्या दोन महिन्यांत या शहराने जे पाहिले, त्याचा धडा पर्यावरणवादी आणि कंपन्या दोघांनीही पुरता घेतलेला नाही. कंपनीने पुढल्याच वर्षी उत्तर काढले ते असे की नवी लँड रोव्हर घेणाऱ्याच्या पहिल्या ४५ हजार मैलांचा कार्बन दुसरीकडच्या प्रकल्पांतून भरून काढायचा. गाडी तीच, इंजिन तेच, पापक्षालन अन्यत्र.

कॅसल ब्रॉमिचचे उदाहरण अधिक बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथे ११ हजारांहून अधिक स्पिटफायर विमाने तयार झाली, नंतर मोटारींचे सांगाडे, नंतर जग्वार. २०२४ मध्ये तेथील शेवटच्या जग्वार गाड्या बाहेर पडल्या. पत्रे ठोकून आकार देण्याचा विभाग राहिला, त्यात नवी गुंतवणूकही जाहीर झाली. पण संपूर्ण गाडी आता तेथे बनत नाही. आता हिशेबाची गंमत पाहा. उत्पादनरेषा बंद झाली की कारखान्यांचे थेट उत्सर्जन आपोआप उतरते. एखादा भाग स्वतः बनवण्याऐवजी बाहेरून घेतला की ते पहिल्या कक्षेतून तिसऱ्या कक्षेत जाते. हेतू काहीही असो, ४६ टक्क्यांच्या दिशेने काटा सरकतोच. त्या सरकलेल्या काट्यात किती माणसांच्या पाळ्या होत्या, हे मात्र शाश्वततेच्या अहवालात लिहिण्याची पद्धत नाही.

ही तिसरी कक्षा म्हणजेच आपली माणसे. कंपनीचे या देशात सुमारे ३३ हजार थेट कर्मचारी आहेत, पण पुरवठादारांकडे लाखाच्या घरात लोक तिच्यावर अवलंबून आहेत. सप्टेंबर २०२५ च्या सायबर हल्ल्याने सुमारे पाच आठवडे उत्पादन ठप्प झाले, तेव्हा ब्लॅक कंट्रीतल्या छोट्या कारखान्यांना आठवड्याचे पगार द्यायला पैसे उरले नाहीत. सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली. मोठा मासा श्वास रोखून धरू शकतो, लहान माशांना ते जमत नाही. आता याच लहान पुरवठादारांना सांगितले जाईल की तुमच्या भट्ट्या विजेवर न्या, तुमच्या कार्बनचे प्रमाणपत्र आणा. मागणी योग्य आहे. पण त्याचा खर्च कोण उचलणार? टक्क्या-दोन टक्क्यांच्या नफ्यावर चालणारा टिप्टन किंवा चाकणचा कारखानदार तो खर्च शेवटी मजुरीतूनच काढेल. आणि कपात आली की कोणाचे नाव आधी लागते, हे या परिसराला ठाऊक आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात टिप्टनच्या कोनीग्री फाउंड्रीत कपातीत आशियाई कामगारांनाच पुढे केले म्हणून संप झाला होता. आज तशी उघड यादी निघत नाही. एजन्सीला एक फोन गेला की पुरते.

याला वेगळे वळण देता येते, हे इतिहास सांगतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. युद्ध संपत आले तेव्हा युद्धसामग्रीचे कारखाने थंडावणार आणि सैनिक व कुशल कामगार एकदम मोकळे होणार, हे उघड दिसत होते. त्यांच्या खात्याने ते हात पुन्हा कामाला लावण्यासाठी सेवायोजन कार्यालयांची यंत्रणा १९४५ मध्ये उभी केली. एका प्रकारचे उत्पादन थांबवून दुसरे सुरू करायचे असेल तर माणसांची सोय ही मागाहून दाखवायची दया नसते, ती योजनेचाच भाग असते. हवामानाच्या चर्चेत ज्याला आज न्याय्य संक्रमण म्हणतात, त्याचा गाभा याहून वेगळा नाही.

टाटांच्याच घरातले ताजे उदाहरण समोर आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी बंद झाली. योगायोगाने त्याच दिवशी नॉटिंगहॅमजवळचे रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे ब्रिटनचे शेवटचे कोळसा वीजकेंद्रही कायमचे थांबले. एकाच तारखेला दोन धुराडी गेली. रॅटक्लिफची तारीख कित्येक वर्षे आधी ठाऊक होती आणि कामगारांच्या पुढच्या कामाचा विचार संघटनांना बरोबर घेऊन झाला होता. पोर्ट टॅलबटमध्ये विद्युत भट्टी येण्याआधीच जुनी विझवली गेली, अडीच हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या आणि नव्या भट्टीसाठी सरकारने ५० कोटी पौंड दिले ते वेगळेच. कार्बन दोन्हीकडे घटला.

मिडलँड्सच्या वाट्याला काय येणार, हे अजून ठरायचे आहे. बॅटरीचा चार अब्ज पौंडांचा टाटांचा कारखाना सॉमरसेटमधील ब्रिजवॉटरजवळ उभा राहतो आहे. कॉव्हेंट्री विमानतळावरच्या जागेला २०२२ मध्येच परवानगी मिळाली होती, ती तशीच पडून राहिली. हॅम्स हॉलला, जेथे एकेकाळी कोळशाची वीजकेंद्रे होती, बॅटऱ्यांची जुळणी होते. वुल्व्हरहॅम्प्टनला विद्युत मोटारी बनवण्याचे काम यायचे आहे. ही सुरुवात बरी आहे. पण विद्युत गाडीला इंजिनाच्या गाडीपेक्षा फिरणारे भाग फार थोडे लागतात, आणि ते भाग बनवणारे हात याच परिसरात आहेत.

या गोष्टीचे दुसरे टोक आपल्या मायभूमीत आहे. मे २०२४ मध्ये जाहीर झाले की रेंज रोव्हरची जुळणी प्रथमच ब्रिटनबाहेर, पुण्यात होईल. ब्रिटनमध्ये कोळसा संपला, तेथे तो संपलेला नाही. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र, नागपूरजवळचे कोराडी आणि खापरखेडा यांच्या राखेत आपल्यापैकी कित्येकांचे नातेवाईक आजही राहतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी ती करडी साय कोणाला सांगायला नको. मलबार हिलवरची विद्युत रेंज रोव्हर उद्या नि:शब्द धावेल, तेव्हा तिच्या ‘शून्य’ धुराचा एक भाग चंद्रपूरच्या छपरांवर पडलेला असेल. आणि अडीच टनांची गाडी हलवायला छोट्या गाडीपेक्षा वीज जास्तच लागते. याच टाटांनी रांजणगावात तयार होणारी नेक्सॉन ही लहान विद्युत गाडी २०२० मध्ये भारतात आणली आणि मध्यमवर्गाला परवडेल असा एक रस्ता दाखवला. इकडे मात्र जग्वारला एक लाख पौंडांच्या वरच्या वर्गात नेण्याचे घाटते आहे. जड गाडी विद्युत करणे आणि गाडीच हलकी करणे, यांतला पहिला मार्ग नफ्याचा आहे. जुने ॲल्युमिनियम वितळवून गाडीच्या सांगाड्यात वापरण्याचे या कंपनीचे काम नावाजण्याजोगे आहे, कारण त्याला नव्या धातूच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. पण वजन कमी करण्याची तीच बुद्धी आकारालाही लावता आली असती.

आपल्या हातात काय आहे? वाटते त्याहून अधिक. आपल्या घरांत, इकडे आणि तिकडे, टाटा मोटर्सचे समभाग आहेत. २०२५ च्या विभाजनानंतर जग्वार लँड रोव्हर प्रवासी वाहनांच्या कंपनीकडे राहिली आहे. भागधारकाला वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर नोंदले जाते. प्रश्न असा विचारावा: दरवर्षी एकाच तक्त्यात विकलेल्या गाड्यांची संख्या, प्रत्येक गाडीमागचे उत्सर्जन, एकूण टन आणि गाडी आयुष्यात किती किलोमीटर धावेल असे धरले तो आकडा, हे चारही द्याल का? हायब्रिडचा आकडा रस्त्यावरचा की प्रयोगशाळेतला, ते सांगाल का? २०२१ मध्ये म्हटले होते की २०३० साली विकल्या जाणाऱ्या लँड रोव्हरपैकी सुमारे ६० टक्के गाड्यांच्या पाइपमधून धूर निघणार नाही. आज तो अंदाज किती? आणि जे युनाइट संघटनेत आहेत त्यांनी शाखेच्या बैठकीत विचारावे की पुरवठादारांच्या कार्बन-अटींबरोबर त्यांच्या कामगारांच्या प्रशिक्षणाचा खर्च करारात लिहिला आहे की नाही, आणि त्या कामगारांत एजन्सीचे लोक धरले आहेत की नाही. जे व्हिसावर आहेत त्यांना असे बोलणे जड जाते, हे मी जाणतो. म्हणून हा प्रश्न ज्यांची नोकरी त्यात अडकलेली नाही अशांनी आधी विचारावा, आणि तो या वर्षीच्या सभेच्या आधी लेखी पाठवावा.